एकाआड एक पान

हॅलोआजी गेल्याचं मला फोनवर कळलं आणि हे त्यांना पसंतच पडलं असतं. वाईट बातमीसुद्धा फोनवर नीट सांगता येते, असं त्यांचं मत होतं. फक्त सांगणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगावं आणि उगाच खाकरू नये. त्यांच्या भाचीने, ठाण्याच्या मंजूने, दोन्ही अटी पाळल्या. मी मात्र फोन ठेवला आणि, खोटं कशाला सांगू, चांगली हमसून रडले.

त्यांचं खरं नाव इंदुमती पेडणेकर. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर स्वस्त जागा शोधत मोहन्यात आल्या आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली. लग्न केलं नव्हतं. सामानात एक लोखंडी पलंग, एक स्टोव्ह आणि पुस्तकांची अकरा खोकी. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या माणसालाही त्या आधी 'हॅलो' म्हणत आणि मग बोलत. "हॅलो, मेथी कशी दिली?" "हॅलो, चप्पल बाहेर काढ." पोरांनी पहिल्याच आठवड्यात बारसं करून टाकलं.

आवाज मात्र असा की भाव करतानाही ऐकत राहावं. त्याचा त्यांना गर्वही होता. बाकी बाई चिकट होत्या. चहा अर्धा कप मिळायचा, उरलेला अर्धा पुढच्या खेपेला. आणि कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी सांगू लागलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." पूर्वी ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन आठवण करून देत असे, ते हे. ऐन रंगात आलेली माझी कितीतरी भांडणं त्यांनी अशी अर्ध्यावर तोडलेली आहेत. रागच यायचा.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती मला माझ्यावरूनच कळली. माझं आणि माझ्या ठाण्याच्या भावाचं चार महिने बोलणं बंद होतं. आईच्या आजारपणात कोणी किती रजा घेतली यावरून लागलेलं. मी आजींकडे जाऊन त्याच्या नावाने खडे फोडायची. एकदा त्यांनी निमूटपणे माझाच मोबाइल उचलला, त्याचा नंबर लावला, "हॅलो, मोहन्याहून कॉल आहे, बोला" म्हणाल्या, फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेल्या. मेचं ऊन होतं. बाई पायात चप्पल न घालता ओट्यावर तुळशीशी उभ्या. मी आत आधी भांडले, मग रडले, मग भावाला जेवायला बोलावलं. अर्ध्या तासाने त्या आत आल्या तेव्हा पाय भाजून लाल झाले होते. काय ठरलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगायला लागले तर म्हणाल्या, "आमचं काम दोन टोकं जोडून द्यायचं. जोडलं की बाजूला व्हायचं. मध्ये बसून ऐकत राहिलं की लाइन खराब होते."

अकरा खोक्यांतली पुस्तकं त्यांनी फळ्या ठोकून लावली आणि दर शनिवारी चार वाजता पोरांसाठी खोली उघडी ठेवू लागल्या. वर्गणी नाही, प्रवचन नाही. पुस्तक घ्या, वाचा, जागेवर ठेवा. पंधरा-वीस पोरं यायची. त्यांतली दोन एकमेकांकडे पाठ करून बसायची. एक शर्वी, वरच्या म्हात्र्यांची नात, वय दहा. दुसरा ओम, खालच्या म्हात्र्यांचा नातू, वय अकरा.

हे वरचे-खालचे सांगायला हवेत. दोन्ही घरं भाऊकीतली, गावात पिढ्यान् पिढ्या असलेली. शेती गेली, इमारती आल्या, पण बंगले अजून भिंतीला भिंत लावून. आमची इमारत वरच्यांची, म्हणजे हिराआयची. हिराआय ही शर्वीची आजी, शर्वी तिला आयच म्हणायची, आणि आमची घरमालकीण. बारा वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न निघालं. यांच्यात लग्नाचं आवतण म्हणजे बोलावणं, ते भाऊकीला सगळ्यांत आधी द्यायचं आणि घरच्यांनी स्वतः जाऊन, कुंकू-अक्षता लावून, हातात द्यायचं. हिराआयचा मोठा मुलगा पत्रिका घेऊन शेजारी गेला, तर दाराला कुलूप. चतुर्थी होती, घरची सगळी टिटवाळ्याला गणपतीला गेलेली. याला अजून चाळीस घरं करायची होती. त्याने पत्रिका ग्रिलमध्ये अडकवली आणि पुढे गेला. झालं. दूधवाल्याच्या बिलासारखं आवतण लावून गेले म्हणून खालच्यांचे बाळारामआबा, म्हणजे ओमचे आजोबा, हळदीला आले नाहीत. भाऊकी हळदीला आली नाही म्हणून वरच्यांनी भिंत चार फूट वाढवून वर काचा लावल्या. तेव्हापासून बोलणं बंद. पोरं शाळेत वेगळी, ट्यूशनला वेगळी, दहीहंडीलाही वेगळी. फक्त आजींच्या फुकटच्या पुस्तकांपुरती दोन्ही घरांनी डोळेझाक केली होती.

ही सगळी हकिकत आजींना मीच सांगितली, अर्ध्या कप चहावर. मधेच "तीन मिनिटं झाली" म्हणून त्यांनी मला गप्प केलं होतं. मला वाटलं, बाईंना यात काही रस नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. एका नदीच्या दोन काठांची गोष्ट. एका काठावर गोडेकर, गोड्या पाण्याचे राखणदार. दुसऱ्या काठावर खारेकर, खाऱ्या पाण्याचे. खाडीची भरती जिथे नदीला येऊन भिडते तिथली सीमा सांभाळणारी घंटा हरवते आणि दोन्ही घरं एकमेकांना चोर ठरवतात. घंटा शोधायला दोन्हीकडचं एकेक पोर गुपचूप निघतं. त्यांचं वाहन मुठोबा, म्हणजे बैलगाडीएवढा खेकडा. हा तिरकाच चालायचा. पाठीवर दोन्ही काठांचं एकेक पोर बसलं तरच पुढे सरकायचा, एकटं कोणी बसलं की जागच्या जागी गोल फिरायचा. मुठोबा सतत भुकेलेला आणि भयंकर मानी. मला तो फार आवडायचा. पहिलं वाचन माझ्याकडे असे, कारण अक्षर इतकं गिचमिड की ते लागलं की नाही हे त्यांना कळायला हवं होतं.

गोष्ट कागदाच्या एका बाजूला लिहायची, पानाला आकडा घालायचा. मग त्यांनी वाटणी केली. विषम आकड्यांची पानं शर्वीची, सम आकड्यांची ओमची. वर कोपऱ्यात ज्याचं त्याचं नाव. आणि प्रत्येक पान वाक्याच्या अध्येमध्ये संपायचं.

मी म्हटलं, असं कोण वाचेल? त्या म्हणाल्या, "वाचायचं असेल तो वाचेल." मी म्हटलं, हिराआयला कळलं तर ती तुम्हाला पुस्तकांसकट रस्त्यावर काढील. त्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

पहिले दोन शनिवार पोरांनी आपापली पानं वाचली आणि मधलं मनानेच भरून काढलं. तिसऱ्या शनिवारी ओमला राहवलं नाही. चपला काढायच्या जागी, भिंतीकडे बघत, तो म्हणाला, "बारा नंबरला मुठोबा भोवऱ्यात सापडतो. तेराला वाचतो का?" शर्वीनेही भिंतीकडेच बघून सांगितलं, "वाचतो. पण त्याची एक नांगी जाते." ओमचा चेहरा असा पडला की जणू त्याच्याच घरचं कोणी गेलं. मग दोघं खाली बसले आणि पानं जमिनीवर ओळीने मांडली. आजींनी झाडू उचलला आणि ओटा झाडायला गेल्या. तो सकाळीच झाडलेला होता.

खोलीतल्या एका तासात पोरांचं भागेना. वाढवलेल्या भिंतीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला एक भोक होतं. पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यातून जाऊ-येऊ लागली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ही दोघं आपलं लिहू लागली. खेकड्याला काय खायला द्यावं, गणितात किती पडले, तुझी आय ओरडते का, माझा आबा ओरडतो. दोघांनाही भावंड नव्हतं. शर्वीने एकदा मला सांगितलं, "मला वाटायचं त्यांच्या घरात सगळे वाईटच असतात. ओम तर माझ्यापेक्षा घाबरट आहे." हे तिने मोठा शोध लागल्यासारखं सांगितलं आणि माझ्या लेखी तो होताही.

घात केला बोंबलांनी. एकदा पिशवी फाटली आणि बेचाळीस नंबरचं पान भिजलं. शर्वीने शहाणपणा करून ते गच्चीवरच्या दोरीला चिमटा लावून वाळत घातलं. त्याच दोरीवर हिराआयचे बोंबील सुकत होते. संध्याकाळी ती बोंबील काढायला गेली तर त्यांच्या शेजारी कागद, वर ठळक अक्षरांत ओमचं नाव.

पुढच्या शनिवारी चार वाजता हिराआय खोलीत उभी. हातात बेचाळीस नंबर, मागे शर्वी, रडून डोळे लाल झालेली. ओम फळीच्या आडोशाला. मीही होते. आता नातीच्या संगतीवरून तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी जीव मुठीत धरला. पण हिराआयने ते पान अक्षर अक्षर लावत वाचून काढलं होतं आणि तिला भलतंच लागलं होतं. त्या पानावर गोडेकर समेटाचं आवतण खारेकरांच्या होडीच्या डोलकाठीला बांधून येतात आणि सगळे खूश होतात, असं होतं.

"बाय, तुमी शिकलेल्या," हिराआय म्हणाली. "पन यो काय लिवलाय? आवतन कंदी टांगून येतान? आवतन हातान द्याचं. मानूस घरान नसला त येईपावत त्याचे पायरीवर बसाचं. टांगून आला तो मान नाय, अपमान."

आजी शांतपणे म्हणाल्या, "हॅलो, हिराबाई. मी कोकणातली, मला तुमची रीत ठाऊक नाही. पुढच्या पानांत दुरुस्त करीन."

तेवढ्यात मागून शर्वीचा बारीक आवाज आला. "आय, मग आपल्या पप्पांनी ग्रिलला लावलेली ती पत्रिका?"

  बारा वर्षं हिराआय गावभर सांगत आली होती की आमचं काही चुकलं नाही, आणि आता स्वतःच्याच तोंडून निवाडा देऊन बसली होती, तोही पोरांसमोर. ती लाल झाली. मग जे हातात होतं त्याचा तिने वापर केला. "महिना सरला की खोली मोकली करा," एवढं बोलून नातीला दंडाला धरून निघून गेली.

मी आजींना विचारलं, तुम्हाला खरंच रीत ठाऊक नव्हती? मी तर सगळं सांगितलं होतं. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं कुणाचं बोलणं ऐकलेलं नाही." इतक्या सरळ चेहऱ्याने थाप मारणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पण त्या हादरल्या होत्या. पुस्तकांना सुतळी बांधताना एकच गाठ तीनतीनदा सोडून पुन्हा बांधत होत्या. या वयात पुन्हा जागा शोधायची, तीही पुस्तकांसकट. मी म्हटलं, हिराआयला एकदा विनवून बघू, मी बोलते तिच्याशी. नको म्हणाल्या. "मला कुठेतरी खोली मिळेल गं अंजू. ह्या दोघांना भिंतीपलीकडचा सोबती दुसरा कुठून मिळणार? मी पाय धरले तर तिला वाटेल हा प्रश्न खोलीचा आहे."

खोली सोडायला चार शनिवार होते आणि गोष्टीची बरीच पानं उरली होती. पोरांना तर यायची बंदी, भिंतीतलं भोकही सिमेंटने बुजवलेलं. तेव्हा आजींनी नवी चाल काढली. शनिवारी चारला त्या स्वतः दोन्ही घरी जायच्या, आधी वर, मग खाली, आणि पानं घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात द्यायच्या. "तुमच्या नातीची पानं. हातात देतेय." दारात आलेल्या बाईने हातात दिलेली वस्तू परत करायची कशी? दोघांनीही घेतली. नुसती घेतली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात बाळारामआबा रिक्षा स्टँडवर मला गाठून हळूच विचारू लागले, "मॅडम, मधली पानं कुनाकडं ऱ्हातान? आमचे कडं खेकडा डायरेक बोगद्यान शिरलाय." मी म्हटलं, तुमच्या शेजारी. आबांनी आभाळाकडे बघितलं.

शेवटचा शनिवार आला. सकाळीच आजींनी चौसष्ट नंबरचं, शेवटचं पान आबांकडे पोचवलं, कारण त्यांच्या घरची मंडळी टिटवाळ्याला निघाली होती. हो, त्या दिवशीही चतुर्थीच होती. दुपारी टेम्पोत खोकी भरून झाल्यावर त्या किल्ली द्यायला हिराआयकडे गेल्या. मी सोबत होते. किल्लीबरोबर त्यांनी त्रेसष्ट नंबर तिच्या हातात ठेवला. मी ते आधी वाचलेलं होतं. 'खारेकरांची म्हातारी होडीतून उतरली. हातात आवतणाचं ताट. गोडेकरांच्या दाराला कुलूप होतं. तिने आवतण दाराला लावलं नाही. ती' इथे पान संपलं होतं.

हिराआय तिथेच उभ्याने, ओठ हलवत वाचू लागली. आम्ही निघालो.

मी टेम्पोत आजींच्या शेजारी बसले, ठाण्याला मंजूकडे सामान लावून द्यायला. ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि दोरी आवळू लागला. इतक्यात वरच्यांचं फाटक वाजलं. हिराआय बाहेर आली, नेसती हिरवी साडी बदलून ठेवणीतली नेसलेली. हातात ताट. पुढच्या महिन्यात तिच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, त्याची पत्रिका, वर कुंकू, अक्षता, नारळ. मागून मोठा मुलगा येत होता, त्याला तिने हाताने परत पाठवलं. भिंतीला वळसा घालून ती रस्त्याने खालच्यांच्या दाराशी गेली. दाराला कुलूप.  ग्रिलकडे तिने पाहिलं असेल, मला टेम्पोतून दिसलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकत ती पायरीवर बसली आणि ताट मांडीवर घेतलं.

 मी आजींना हलवून म्हटलं, बघा, बघा तरी. आजी समोरच्या काचेतून नाकासमोर बघत होत्या. "आपण बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "हॅलो, ड्रायव्हरदादा, चला."

ठाण्याला पोचून, खोकी वर चढवून, चहा होईपर्यंत पाच वाजून गेले. मंजूने तिथे पूर्ण कप दिला, तो त्यांनी अर्धाच प्यायला. माझा फोन वाजला. नाव बाळारामआबांचं होतं. मी उचलला तर आत शर्वी. "अंजूमावशी, आजीला दे ना. मी ओमच्या घरातून बोलतेय."

मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर आजींसमोर ठेवला.

"हॅलो," आजी म्हणाल्या.

"आजी, तुमचं शेवटचं पान चुकलंय," शर्वी एका दमात सांगू लागली. "चौसष्टला म्हातारी कंटाळून परत जाते आणि दुसऱ्या दिवशी येते. असं नाय झालं. आय तीन तास बसली. आबा आले ना, मग त्यांनी कुलूप उघडलं आणि बोलले, ताट आत घेऊन ये, वहिनी, उन्हात कशाला."

"मग खोडा आणि नीट लिहा," आजी म्हणाल्या. "पान तुमचं आहे."

"मी लिहितो," मागून ओम म्हणाला. शर्वी म्हणाली, तुझं अक्षर घाण आहे. ओम म्हणाला, पण चौसष्ट माझं आहे, सम नंबर आहे. मग पासष्ट काढू आणि ते मी लिहीन, शर्वी म्हणाली, आणि मुठोबाची गेलेली नांगी परत येणार. नाही येणार, असं थोडीच असतं, ओम म्हणाला. येते, आबांना विचार, खेकड्यांची येते. दोघं आता आजींशी बोलतच नव्हते. फोन टेबलावर चालू होता आणि त्यातून एका घरातलं भांडण येत होतं. त्यात मधेच हिराआयचा आवाज आला, नांगी येते, मी बघलीय, आणि त्यावर आबांचा, तू काय बघलीस, मी धरलेत.

आजी उठल्या. टेबलाला वळसा घालून, चप्पल न घालता, मंजूच्या गॅलरीत जाऊन खोलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पाठ ताठ, एक हात कठड्यावर. माझ्या आठवणीतल्या हॅलोआजी त्याच आहेत, नंतर आम्ही भेटलो तरीही. भिंतीवर घड्याळ होतं आणि तिकडे भांडण चांगलं वीस मिनिटं चाललं. तीन मिनिटं झाली, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.